आई वेडी नव्हती

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे शंका नको. माझी आई वेडी नव्हती. टेमघरला, आमच्या गावात, भावकीतली काही माणसं अजूनही हळू आवाजात तसं म्हणतात आणि मी आले की विषय बदलतात. बदलोत बापडी. हे मी त्यांच्यासाठी लिहीत नाही, त्यांना वाचायची सवयच नाही. लिहितेय ते मला अजून राग येतो म्हणून.

आई बहिरी होती. एवढं साधं वाक्य, पण आमच्या घरात कित्येक वर्षं कुणी उच्चारलं नाही. आणि आईनं तर नाहीच नाही.

वडील मी लहान असतानाच गेले. आई भिवंडीत लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागली. कांडी म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची नळी. ती संपली की लूम थांबतो, म्हणून कांड्या भरणारीला थांबता येत नाही. तिची मशीन लूमच्या शेडमध्येच, भिंतीला लागून. चालू लूमच्या शेडमध्ये ज्यांनी पाऊल ठेवलं नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. शाळा सुटल्यावर मी डबा द्यायला जायची तेव्हा दारातच छातीत धडधड सुरू व्हायची. त्या आवाजात आईनं दिवसाच्या शिफ्ट केल्या, रात्रीच्या केल्या, मला वाढवलं, आणि त्यानं तिचे कान हळूहळू खाऊन टाकले.

पण शेडमध्ये तसं कुणालाच ऐकू येत नाही. तिथे सगळे तोंडानं बोलतात, आवाजानं नाही. ओठ नीट हलवायचे, भुवई उचलायची, बोटांनी दोन खुणा करायच्या, झालं. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला चहा सांगतो, शिवी देतो, मुकादम येतोय म्हणून सावध करतो. आईला हे शेजारच्या मशीनवरच्या खालानं शिकवलं. खाला म्हणजे मावशी, सगळे तिला तेच म्हणायचे; भिवंडीचीच, कोकणी मुसलमान. बोलायची आमच्यासारखंच, पण चिडली की हिंदीवर जायची. आई तिच्याकडून इतकं पक्कं शिकली की घरीसुद्धा आम्ही दोघी आवाज न काढताच बोलायला लागलो. शेजारणीला वाटायचं, मायलेकींचा अबोला चाललाय. आणि आम्ही आत बसून तिचीच टवाळी करत असायचो!

त्यामुळे आईचे कान गेलेत हे बाहेर कुणाला कळलंच नाही. समोर उभं राहून बोललात तर आईला सगळं कळायचं, मराठी, हिंदी, काहीही. दुकानदार, कंडक्टर, माझ्या शाळेतल्या बाई, सगळ्यांशी ती नीट बोलायची. फक्त मागून हाक मारली तर वळायची नाही. लोक म्हणायचे, बाई जरा आढ्यतेखोर आहे. आईला ते चालायचं. आढ्यतेखोर म्हणा, उर्मट म्हणा, बहिरी म्हणू नका.

आता काकांची गोष्ट सांगते, म्हणजे सगळं बिघडलं कुठे ते समजेल.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. राहनाळला आमची भाताची जमीन होती आणि वडिलांच्या वाट्याची आईच्या नावावर आली होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला तिकडे गोडाऊनं उठायला लागली. काल जिथे खाचरात बगळे उभे होते तिथे आज पत्र्याचं छप्पर. काकांकडे एक दलाल यायला लागला. त्याला सगळी जमीन एकत्र पाहिजे होती, मधला आईचा तुकडा सोडून नाही. आई म्हणाली, न्हाय. का न्हाय? "मी भात लावते तिकडं." एवढंच तिचं कारण. मला विचाराल तर पुरेसं कारण आहे.

आणि काकांची मिशी! आज हसू येतं, पण आमचं वाटोळं त्या मिशीनं केलं. वरचा ओठ पूर्ण झाकलेला, खालचा निम्मा. त्यात तोंडात तंबाखू, ती सांडू नये म्हणून ओठ आवळलेले, आणि बोलताना तोंडापुढे हात. त्या माणसाचं एक अक्षर आईला कधी दिसलं नाही. ते विचारायचे, "वहिनी, जमिनीचा काय ठरवलंस?" आई म्हणायची, "हो, मघाशीच जेवले." ते विचारायचे, "तब्येत कशी हाय?" आई म्हणायची, "बुधवारी." आधी ते चिडायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की यात आपला फायदा आहे.

तिथून पुढे पाहुणे आले की काका मुद्दाम आईच्या मागे उभे राहून विचारायचे, "वहिनी, आज कोन वार हाय?" आई भाजी निवडत बसलेली, मान वर करायची नाही. मग समोर येऊन मिशीतून तेच विचारायचे. आई अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायची, कारण गप्प बसलं तर कळेल ना, ऐकू येत नाही म्हणून! पाहुणे एकमेकांकडे बघायचे. काका कपाळाला बोट लावायचे आणि सुस्कारा सोडायचे. "काय करनार? ठान्याला नेयाला लागंल."

आमच्याकडे ठाण्याला नेणं याचा अर्थ एकच, वेड्यांच्या इस्पितळात टाकणं. तो सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे.

आणि हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. काकांना कुणीतरी शहाण्यानं सांगून ठेवलं होतं की बाई वेडी ठरली तर तिच्या नकाराला किंमत नाही, घरातला कर्ता पुरुष तिच्या वतीनं ठरवू शकतो. खरं-खोटं देव जाणे. पण जमीन जाणार आणि आईला कुठेतरी कोंडून ठेवणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. पोरांना 'उठा-बसा' शिकवायची आणि डोक्यात दिवसभर हेच.

मी ठरवलं, मुंबईला जायचं. तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात कानाच्या डॉक्टरला दाखवायचं आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं की ही बाई बहिरी आहे, बाकी डोकं तुमच्याआमच्यापेक्षा ठणठणीत. राजधानीतला डॉक्टर म्हटल्यावर भावकीची काय बिशाद!

आई आधी तयार होईना. मग मी म्हटलं, तुला समुद्र दाखवते. तशी लगेच इरकली साडी काढली. गेलो शुक्रवारी, कारण भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारची. मुंबईत सगळे कामाला धावत होते आणि आम्ही दोघी सणासारख्या नटून निघालेल्या. आई मोठमोठ्या दगडी इमारतींकडे बघत माझ्याशी आवाज न काढता बोलत होती, "याच्या खिडक्या कोन पुसतं ग?" मला काय माहीत कोण पुसतं.

हॉस्पिटलात पाळी येईपर्यंत दुपार झाली. तेवढ्या वेळात मी आईला दहा वेळा पढवलं. ऐकू आलं तरच हो म्हण. नाही आलं तर नाही म्हण. लाजू नकोस. तिनं मान डोलावली.

डॉक्टर तरुण होता. इतकी गुळगुळीत दाढी केलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानं आईला बरोबर समोरच्या स्टुलावर बसवलं, खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर, आणि स्वच्छ, सुटं सुटं मराठी बोलायला लागला.

"मावशी, नाव काय? कुठून आलात?"

आईनं सांगितलं.

"मुलं किती?"

"ही एकच. पन धा जनांना पुरंल."

डॉक्टर हसला. मग त्यानं आवाज अगदी बारीक केला, मलाही कळेना इतका. आईला काय, ओठ हलतायत ना! "सकाळी काय खाल्लं?" तो कुजबुजला. "तांदलाची भाकरी आन सुकट," आईनं फाडकन सांगितलं. मग त्यानं लोखंडाचा एक चिमटा वाजवून तिच्या कानाशी धरला आणि भुवई उंचावली. आईनं चिमट्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "येतो की. चांगला येतो."

मी जागच्या जागी जळत होते. बया, मी तुला काय शिकवलं आणि तू काय करतेस!

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही जरा पाठ फिरवून बोला. ती तोंड बघून ओळखते. लूमवर काम करणारे सगळे असेच बोलतात."

त्यानं माझ्याकडे अशा समजूतदार नजरेनं बघितलं की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. कुजबुजलेलंसुद्धा त्यांना कळलं. कान उत्तम आहेत. तुम्ही सांगता ती उलटसुलट उत्तरं येत असतील, तर अडचण दुसरीकडे आहे. वरच्या मजल्यावर मानसोपचार विभाग आहे, तिकडे एकदा दाखवून घ्या."

"एकदा पाठ फिरवा ना. तेवढंच."

"बाहेर लाईन आहे, ताई."

"असू दे लाईन. त्या लाईनीत आम्हीही सकाळपासून होतो."

तेवढ्यात शिपायानं पुढच्या पेशंटला आत घेतलंच. डॉक्टरचा स्वभाव वाईट नव्हता, हे मी आज कबूल करते. पण त्या दिवशी मला तो काकांचाच सख्खा भाऊ वाटला, बिनमिशीचा. काकांना आईला जिथे पाठवायचं होतं तिथलाच रस्ता यानं दाखवला होता, आणि तोही मी हात धरून घेऊन आल्यावर! वरच्या मजल्याचा जिना समोर होता. मी आईचं मनगट धरलं आणि उलट्या दिशेनं बाहेर पडले.

बसस्टॉपवर आमचं भांडण झालं. असं भांडण त्या स्टॉपनं पाहिलं नसेल. दोन बायका समोरासमोर उभ्या, हातवारे चाललेत, तोंडं सुटलीत, डोळ्यांतून आग, आणि आवाजाचा पत्ता नाही. लोक बस सोडून आमच्याकडे बघत होते.

का खोटं बोललीस, मी विचारलं.

खोटं कुठे बोलले? त्यानं विचारलं, मी सांगितलं.

चिमटा ऐकू आला तुला?

 आईचे ओठ भरभर हलायला लागले. बहिरी म्हणवून घेऊ? आपल्या वाडीत ती एक बहिरी होती, तिला काय नाव होतं सांग बरं. नाही ना सांगता येत? बहिरी, एवढंच तिचं नाव. पोरं मागून खडे मारायची आणि ती वळली की हसायची. तसं व्हायचंय मला? आणि तुझं लग्न व्हायचंय. बहिरीची पोरगी म्हटल्यावर कोण करून घेईल? म्हणतील कानाचं घराण्यात आहे, पोरांना उतरेल.

माझं लग्न गेलं खड्ड्यात! मी म्हटलं, आणि हे मात्र आवाजासकट बाहेर पडलं. स्टॉपवरचा एक म्हातारा दचकला.

तू बहिरी नाहीस असं दाखवतेस म्हणून ते तुला वेडी म्हणतायत, मी पुन्हा नुसत्या ओठांनी म्हटलं. दोनातलं एक घ्यावं लागेल तुला.

"एक बी घेनार न्हाय," आई म्हणाली आणि समुद्र कुठे आहे ते विचारायला लागली. दाखवला. ती कठड्यावर बसून शेंगदाणे खात कितीतरी वेळ लाटांकडे बघत राहिली. मला तिचा इतका राग आला होता की मी दोन हात लांब बसले. पण खरं सांगू, त्या रागात कौतुकही होतं. राजधानीच्या डॉक्टरला फसवून आली होती बाई.

घरी आल्यावर काय झालं असेल? काका ओट्यावरच बसले होते. त्यांनी काही विचारायच्या आत आईनं छाती पुढे काढून जाहीर केलं, "मोठ्या डाक्तरनी बघितला. कान एकदम बेस हायत!"

काकांच्या मिशीखाली काय हललं ते मलाही दिसलं नाही, पण ऐकू आलं. "कान बेस हायत ना? मंग डोकाच."

म्हणजे मुंबईची खेप त्यांच्याच पथ्यावर पडली. आता ते भावकीत सांगायला मोकळे झाले की डॉक्टरनंसुद्धा कान चांगले म्हटलेत. मी खालाकडे जाऊन रडले. खालानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "पागल तेरी माँ नहीं, पागल वो है जो औरत से मूँछ में बात करता है." मला त्या स्थितीतही हसू फुटलं.

त्यानंतर थंडीत आजी गेली. काकांची आई. आजीला वज्रेश्वरीचं, अकलोलीच्या गरम कुंडांचं फार वेड होतं. दर वर्षी गुडघे शेकायला जायची आणि आल्यावर महिनाभर तिथल्या पाण्याचे गुण गायची. माझं दहावं तिथंच घाला, असं ती सगळ्यांना सांगून ठेवायची. म्हणून दहाव्याच्या दिवशी टेम्पो करून सगळी भावकी अकलोलीला निघाली.

आम्हा भिवंडीकरांना वज्रेश्वरी म्हणजे लांब नाही. अंबाडी नाका ओलांडला, वळण घेतलं की शेतं लागतात. किल्ल्यासारख्या बांधणीचं देवीचं देऊळ, त्याच्या त्या चढणीच्या पायऱ्या, पलीकडे गणेशपुरीला निघालेली माणसं, आणि पुढे तानसा नदीच्या काठाला गंधकाचा वास. नाक धरावं असा वास, पण थोड्या वेळात सवय होते. पूर्वीपासून लोक तिथे अंगदुखी, खरूज, संधिवात घेऊन येतात. काकांनी तर टेम्पोतच दलालाला सांगितलं होतं, "आमच्या वहिनीचा डोका पन एकदा कुंडात बुडवून काडतो, बघू काय फरक पडतो का." दलाल म्हणजे तोच, राहनाळच्या जमिनीचा. सफारी घालून दुखवट्याला आला होता. दहाव्याला दलाल! पण मी बोलणार कुणाला, सगळे सुतकात.

नदीकाठी न्हावी बसला. काका त्याच्यापुढे उकिडवे बसले. आईबापाच्या दहाव्याला मुलानं डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवायचं, आमच्यात तशीच रीत. वस्तरा फिरला. काका उठले तेव्हा मला ओळखूच येईनात. एवढासा चेहरा, पातळ ओठ, हनुवटी आत गेलेली. पिंडाला कावळा शिवायला वेळ लावत होता. सगळे पिंडाकडे बघत होते. आई मात्र काकांकडे बघत होती, टक लावून. मला वाटलं, सासू गेल्याचं दुःख असेल.

कावळा शिवला. पुरुष एका बाजूला पांगले, आम्ही बायका दगडांवर बसलो. काका आणि दलाल बरेच लांब, पाण्याच्या कडेला उभे राहून बोलत होते. नदी खळाळत होती. तिथलं बोलणं इकडे ऐकू येणं शक्यच नव्हतं, चांगले कान असणाऱ्यालासुद्धा.

मग बायका अंघोळीला कुंडावर गेल्या. भिंतीआडचं बायकांचं कुंड, वर वाफ, आत हिरवट पाणी. पहिलं पाऊल टाकलं की चटका बसतो, मग अंग सैल पडतं. एक बाई आपल्या सुजलेल्या पायावर पाणी ओतत देवीचं नाव घेत होती. आई गळ्यापर्यंत आत शिरली, डोळे मिटले, आणि मला वाटलं आता हिला बरं वाटतंय. तेवढ्यात तिनं पाण्याखाली माझा हात पकडला. घट्ट. आणि वाफेतून तिचे ओठ हलले.

त्याला ओठ आहेत ग.

कुणाला?

भावजींना. एवढी वर्षं मला माहीतच नव्हतं. सगळं दिसलं.

काय दिसलं?

आईनं सांगितलं. काका दलालाला म्हणाले होते, आज जेवणं झाल्यावर गावचे जाणते बसवतो. त्यांच्यासमोर हिला दोन प्रश्न विचारतो, ही काहीतरी बरळेल. सगळे साक्षीला आहेतच. मग आठवड्याभरात हिला ठाण्याला नेऊन टाकतो आणि तू मोजणीला माणसं आण. पोरीचं बघून घेऊ, लग्न लावून दिलं की सुटलो.

मी रागानं पाण्यातून उभीच राहिले. आत्ता जाते, सगळ्यांसमोर त्याची काढते, मी म्हटलं. आईनं मला खांद्याला धरून खाली दाबलं.

तू मधे बोलायचं नाही, तिचे ओठ म्हणाले. काय होईल ते होईल. तू एक शब्द बोलायचा नाहीस.

तू काय करणार आहेस?

 ती पुन्हा डोळे मिटून तशीच पाण्यात बसली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, पाण्यानं की कशानं ते सांगता येणार नाही. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. कारण मला माहीत होतं, ती आतून काय तोलून बघत होती. एका बाजूला जमीन, आपलं घर, आपला शहाणपणा. दुसऱ्या बाजूला एकच शब्द, पण तो तिला या सगळ्याहून जड होता.

जेवणं झाली. धर्मशाळेच्या ओट्यावर गावचे जाणते पानसुपारीला बसले. सगळ्यांत वडीलधारे होते त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो. दलाल खांबाला टेकून उभा. आई खालच्या पायरीवर, नदीकडे तोंड करून. मी तिच्यापासून चार हातांवर.

काकांनी सुरुवात केली. आजी गेल्याचं दुःख, घराची जबाबदारी, वहिनीची काळजी. रडले थोडे. मग म्हणाले, "दादा, तुमी सोता बगा. मी काय खोटा बोलत असन तर." ते उठून आईच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. "वहिनी, आज आपन हितं कशाला आलोय?"

आई नदीकडे बघत होती.

"वहिनी, आज कोन गेलाय आपल्या घरात?"

ओट्यावर कुणीतरी चुकचुकलं. दादांनी मान हलवली.  मी तोंड उघडलं नाही.

आईनं माझ्याकडे बघितलं आणि माझी नजर तिच्या डोक्यावरून मागे लागलेली तिला दिसली असावी. ती वळली. काका दिसले. मग ती उठली, पदर नीट केला, त्यांच्या बाजूनं पुढे गेली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आता या भावजींनी मना मागनं काय तरी इचारलं," ती म्हणाली. "बरोबर ना? मना ते ऐकू आलं न्हाय. मना कायच ऐकू येत न्हाय. मी येडी न्हाय. मी बहिरी हाय."

बोलली. सगळ्या भावकीसमोर, बायकापुरुषांसमोर, लग्नाच्या वयाच्या मुलीच्या देखत, बोलली.  आणि थांबली नाही.

"कारखान्यात कान गेले. लय वर्सं झाली. मी लपिवलं. लाज वाटायची मना. पन तोंड बगून मना सगलं समजतं. भावजींचं आजवर समजत नव्हतं, मिशी होती. आज न्हाव्यानं काडली." आणि तिनं काकांकडे बोट केलं. "आज हा नदीवर या मानसाला काय बोलला ते सांगू?"

सांगितलं. शब्द न् शब्द. मोजणीची माणसं, ठाणं, पोरीचं लग्न, सगळं. दलालाची मान खाली गेली. काकांनी नकळत हात उचलून तोंड झाकलं, आणि झाकलं तेच त्यांचं चुकलं. ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला ते दिसलं.

 धर्मशाळेत आत एक बाई भांडी घासत होती, तिनं हात थांबवला.

मग दादा ओट्यावरून मोठ्यानं म्हणाले, "अग पन जमिनीचा काय?" ते बोलताना मान वळवून काकांकडे बघत होते. आईला दिसलं नाही. ती तशीच उभी राहिली, वाट बघत. तेव्हा मी उठणार होते, सांगणार होते तिला, काय विचारतायत ते. पण त्याची गरज पडली नाही. दादांना स्वतःलाच कळलं. गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश उठले, ओटा उतरले आणि आईच्या समोर येऊन पायरीवर बसले. त्यांच्यामागून दुसरे उतरले, मग तिसरे. गावचे सगळे जाणते आईच्या पुढ्यात, तिच्याकडे तोंड करून बसले. काका एकटेच तिच्या पाठीमागे उभे राहिले.

दादांनी पुन्हा विचारलं, आता जिवाच्या आकांतानं, गळ्याच्या शिरा ताणून, "जमीन! देयाची! हाय! का?"

"वरडू नका, दादा," आई म्हणाली. "मना दिसतंय. सावकाश इचारा."

त्यांनी सावकाश विचारलं. ओठ नीट हलवून, जवळजवळ आवाज न काढता.

"न्हाय," आई म्हणाली. आपला आवाज किती चढलाय ते तिला कधीच कळायचं नाही. नदीच्या पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वर करून बघितलं.